मिक्सिंगवाल्यांचं इंदूर

इंदूरच्या आर. एन. टी. मार्गावरचा सिल्व्हर मॉल नावाने मॉल असला, तरी खरा संगणकांचा बाजार आहे. दिवाळी सरते, तुळशीची लग्नं लागतात आणि तिथे एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागतं. वय विशीच्या आगेमागे, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, सोबत एखादा 'जाणकार' मित्र. 'भिया, एडिटिंग का पीसी बनवाना है,' असं म्हणत ते काउंटरला टेकतं. दुकानदार मान वर न करता विचारतो, 'किसमें करते हो? एडियस, प्रीमियर, के रिझॉल्व्ह?' इथे पोरगं अडखळतं. आजवर त्याने जे काही कापलं-जोडलं ते फोनवर, फार तर लॅपटॉपवरच्या फिल्मोरात. आणि ते बोलून दाखवायची त्याला लाज वाटते.

लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. कायनमास्टर आणि इनशॉटवर वाढलेल्या या पोरांनी क्लिप छाटणं, गाण्याच्या ठेक्यावर कट घेणं, अक्षरं नाचवणं हे सगळं अंगठ्याने शिकून घेतलं आहे. त्यांच्या आधीची पिढी विंडोज मूव्ही मेकरवर शिकली. तो २००० साली आला आणि जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला निरोप दिला. ॲपलचं आयमूव्ही १९९९ चं. या साध्या सॉफ्टवेअरांनी संकलनाची भीती घालवली, हे त्यांचं काम छोटं नाही. त्यांची रीत एकच: तुमच्या वतीने निर्णय घेऊन टाकायचे. फ्रेमरेट कुठला, आवाज किती, रंग कसा, दोन क्लिपांमधली फट मिटवायची की ठेवायची, हे तुम्हाला कुणी विचारतच नाही. घरच्या वाढदिवसाला हे उत्तम चालतं.

अडचण वेगळ्या ठिकाणी येते. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकचा गाजावाजा झाला, पण त्याच यादीत विवाव्हिडिओ हे संकलनाचं ॲपही होतं. ज्यांची अर्धी कामं त्या ॲपच्या पोटात होती त्यांना ती दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडण्याची सोय नव्हती. तयार झालेला व्हिडिओ तेवढा हाती. तो कसा झाला, कुठला तुकडा कुठून घेतला, किती सेकंद छाटला, हा सगळा हिशेब ॲपबरोबर गेला. नवशिक्याचं सॉफ्टवेअर आणि व्यावसायिकाचं सॉफ्टवेअर यांच्यातली खरी सीमारेषा मला इथे दिसते. बटणं किती, इफेक्ट किती, हे दुय्यम. तुम्ही घेतलेला प्रत्येक निर्णय ते सॉफ्टवेअर जपून ठेवतं का, तो उद्या बदलता येतो का, आणि तो दुसऱ्या माणसाच्या हाती सोपवता येतो का? ज्या दिवशी या तीन प्रश्नांची गरज पडते, त्या दिवशी माणसाने पायरी चढावी. त्याआधी चढायची घाई नको.

इंदूरच्या लग्नवाल्यांना हे प्रश्न फार पूर्वी पडले होते. या धंद्यात एडिटिंगला अजूनही सर्रास मिक्सिंग म्हणतात, कारण ते खरोखर मिक्सरवर व्हायचं. खांद्यावरचा पॅनासोनिकचा एम-९००० व्हीएचएस कॅमेरा, दोन व्हीसीआर आणि मध्ये डब्ल्यूजे-एमएक्स ५० सारखा व्हिडिओ मिक्सर. वरमाला संपली की पडदा बदामाच्या आकारात मिटायचा आणि त्यातून हनिमूनचं काश्मीर उमलायचं. आज हसू येतं. पण त्या खोलीत बसणाऱ्या माणसाची शिस्त बघण्यासारखी असे. टेपवरून टेपवर नक्कल होत असल्याने प्रत्येक पिढीत चित्र मऊ होत जाई, म्हणून कट आधी कागदावर ठरवायचा. शिवाय सगळं ओळीने चाले. तयार कॅसेटमध्ये दहाव्या मिनिटाला आत्याबाईंचा शॉट राहिला असं लक्षात आलं, तर तिथपासून पुढचं सगळं पुन्हा करायचं, नाहीतर आत्याबाईंची समजूत काढायची. बहुतेक वेळा दुसरा मार्ग स्वस्त पडे.

संगणकाने हा जाच संपवला. ॲव्हिडची पहिली यंत्रणा १९८९ ची आणि ॲडोबीचं प्रीमियर १९९१ चं. प्रीमियर लिहिणारा प्रोग्रॅमर रँडी उबिलोस पुढे मॅक्रोमीडियात गेला. तिथे त्याने सुरू केलेलं सॉफ्टवेअर ॲपलने विकत घेतलं आणि १९९९ मध्ये ते फायनल कट प्रो म्हणून बाजारात आलं. हॉलिवूडचा संकलक वॉल्टर मर्च याने 'द इंग्लिश पेशंट' ॲव्हिडवर कापला आणि संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचं ऑस्कर पहिल्यांदा मिळालं. त्याच मर्चने २००३ चा 'कोल्ड माउंटन' हजारेक डॉलरच्या फायनल कटवर कापला. विद्यार्थ्याच्या टेबलावरचं आणि कोट्यवधींच्या चित्रपटामागचं सॉफ्टवेअर एकच असू शकतं, हे तेव्हा जगाला दिसलं.

आपल्या लग्नाच्या बाजारात मात्र यातलं कुणीच राजा झालं नाही. तिथे राज्य केलं एडियसने. जपानमधल्या कोबे शहरातल्या कॅनोपस या कंपनीचं हे सॉफ्टवेअर पुढे ग्रास व्हॅलीकडे गेलं. ते फक्त विंडोजवर चालतं. त्याची ख्याती एकाच गोष्टीची: वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं वेगवेगळ्या जातीचं फुटेज एका टाइमलाइनवर टाका, ते साध्या संगणकावरही न अडखळता धावतं. मिनी-डीव्हीच्या जमान्यातला एमडी-१०००० कॅमेरा, मग २००८ नंतर कॅननच्या ५डी मार्क टू ने आणलेली डीएसएलआरची लाट, वर मामाच्या हँडीकॅमवरचा तुकडा, असा खिचडी डेटा घेऊन बसणाऱ्याला दुसरं काय हवं? सोबत तयार 'प्रोजेक्ट' मिळू लागले. गाणं आधीच कापलेलं, चौकटी आधीच हलणाऱ्या, नवरा-नवरीचे फोटो तेवढे बदलायचे. हे प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवरून गावोगाव फिरले. सॉफ्टवेअर कितीजणांनी विकत घेतलं हा प्रश्न विचारला की सगळे चहा मागवतात.

चित्रपटवाले या मंडळींना नाक मुरडतात, ते मला पटत नाही. तीन दिवसांचं लग्न, पाच कॅमेरे, एक टेराबाइटच्या आसपास डेटा, आणि सीझनमध्ये अशी डझनभर लग्नं एकाच वेळी डोक्यावर. मोडलेल्या फाइलमधून सप्तपदी वाचवणारा आणि दोन वर्षांनी 'आजोबा गेले, त्यांचा जेवतानाचा शॉट मिळेल का' म्हणून फोन आल्यावर तो काढून देणारा माणूस व्यावसायिकच आहे. त्याची टेम्पलेटं भडक असतील, पण त्याची फोल्डरं जागच्या जागी असतात.

काम जपण्याची आणि सोपवण्याची हीच गरज दुसऱ्या टोकाला २०११ च्या जूनमध्ये दिसली होती. ॲपलने फायनल कट प्रो पूर्णपणे नव्याने लिहून 'टेन' म्हणून ३०० डॉलरला बाजारात आणलं. दिसायला देखणं, वेगवान. तरीही जगभरचे संकलक भडकले. जुन्या आवृत्तीतली कामं त्यात उघडत नव्हती, अनेक कॅमेरे एकत्र कापायची मल्टिकॅमची सोय पहिल्या दिवशी नव्हती, आणि संकलन झाल्यावर आवाजवाल्याकडे किंवा रंगवाल्याकडे टाइमलाइन पाठवायची नेहमीची वाट बंद होती. पुढच्या आवृत्त्यांत यातलं बरंचसं परत आलं, पण तोवर पुष्कळ लोक प्रीमियरकडे वळले होते. सोय वाढली होती, सोपवणं गेलं होतं. नवशिक्यांना यातलं काही बोचलं नसतं.

आता तो अडखळलेला पोरगा पायरी चढतो तेव्हा त्याच्या वाटेला नेमकं काय येतं, ते एका मराठी लग्नाच्या निमित्ताने बघू. इंदुरात अशा लग्नांना तोटा नाही. होळकरांच्या मागोमाग आलेली घराणी, रामबाग-लोकमान्यनगर-सुदामानगरात रुजलेली कुटुंबं, आणि अनेकदा व्याही माळव्यातले हिंदीभाषक. त्यांचा फोटोग्राफर फेऱ्यांना महत्त्व देतो. मराठी लग्नाचा प्राण मात्र अंतरपाटात. मंगलाष्टकं चालू असतात, नवरीच्या डोळ्यांपुढे कापड, पाठीशी मामा, आणि 'सावधान' म्हणताच अक्षता पडून कापड दूर होतं. ही घटना एकदाच घडते. एक कॅमेरा नवरीवर, एक नवऱ्यावर, एक अक्षता टाकणाऱ्या मंडळींवर. आवाज मंडपातल्या मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरमध्ये. शिवाय मावसभावाने फोनवर घेतलेला चौथा कोन, जो हमखास सगळ्यात चांगला निघतो.

फोनच्या ॲपवर हे जुळवायला बसलात तर रात्र जाते. प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट, एडियस यांत आवाजाच्या लहरी ताडून सगळे कॅमेरे आपोआप एका रेषेत बसतात आणि मग लग्न चालू ठेवून नुसते आकडे दाबत कोन बदलता येतात. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा पोराला वाटतं, जिंकलो. पाच मिनिटांनंतर त्याला दिसतं की भटजींचे ओठ आणि मंगलाष्टकं यांची फारकत होत चालली आहे.

याचं कारण फोनमध्ये असतं, आणि नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ते छळतं. भारतात टीव्हीची परंपरा सेकंदाला २५ फ्रेमची. फोन ३० म्हणतो, पण प्रकाश कमी झाला किंवा प्रोसेसर तापला की कधी २९, कधी २७ फ्रेम घेतो. बदलता फ्रेमरेट. साधं ॲप हा घोळ गुपचूप सावरून घेतं. व्यावसायिक सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमचा काटेकोर पत्ता धरून चालतं, त्यामुळे तिथे हा बेहिशेबीपणा उघडा पडतो. उपाय दोन. फोनची क्लिप आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर फिरवून घ्यायची, किंवा फोनवर ब्लॅकमॅजिक कंपनीच्या मोफत कॅमेरा ॲपने मुळात स्थिर दरावरच चित्रण करायचं. मावसभावाला हे लग्नाच्या धामधुमीत कोण सांगणार, म्हणून पहिलाच उपाय वापरात आहे.

जुळवणी झाली की खरं संकलन. इथे नवशिक्याचा हात लगेच ओळखू येतो: चित्र आणि आवाज तो एकाच जागी कापतो. फोनच्या ॲपने त्याला तीच सवय लावलेली असते, क्लिप कापली की आवाजही तिथेच तुटतो. मुरलेला संकलक सनईचा सूर आधी येऊ देतो आणि मंडप दोन सेकंदांनी दाखवतो. किंवा 'सावधान'चा घोष चालू असतानाच चित्र आईच्या चेहऱ्यावर नेतो. इंग्रजी अक्षरांच्या आकारांवरून या कटांना जे-कट आणि एल-कट म्हणतात. त्यासाठी आवाजाचे थर सुटे लागतात, क्लिप घुसवणं आणि क्लिपवर क्लिप लिहिणं यातला फरक कळावा लागतो, आणि हात जे-के-एल या तीन कळांवर बसावा लागतो: मागे, थांब, पुढे. एवढं जमलं तर निम्मं शिकून झालं, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो.

कट कुठे घ्यायचा, हे मात्र कुठलंही सॉफ्टवेअर शिकवत नाही. या बाबतीत इंदूरच्या मराठी पोराची सोय बरी आहे. 'सानंद' ही संस्था एकाच नाटकाचे पाच प्रेक्षकगटांसाठी पाच प्रयोग करते. एकच नाटक लागोपाठ दोनदा पाहावं. नट तीच ओळ दुसऱ्या दिवशी किती थांबून घेतो आणि हशा किती वाढतो, हे मोजावं. शंभर ट्युटोरियलांत ते सापडायचं नाही.

लग्नाबाहेरही या शहरात परीक्षा घेणाऱ्या जागा आहेत. रंगपंचमीला राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. टँकरमधून रंगाचे फवारे, यंत्रांनी उंच उधळलेला गुलाल, मागे सात मजली वाडा. डोळ्यांना सोहळा, कॅमेऱ्याच्या कोडेकला शिक्षा. एच.२६४ सारखं आकुंचन या फ्रेममधलं मागच्या फ्रेमपेक्षा जेवढं बदललं तेवढंच साठवतं. भिंत हलत नाही म्हणून ती स्वस्तात साठते. गुलालाचा कण न् कण प्रत्येक फ्रेमला नव्या जागी असतो, त्यामुळे फोनचा मर्यादित डेटा कमी पडतो आणि गुलाबी ढगाचे चौकोनी ठोकळे होतात. घरी बसून कुठल्याही सॉफ्टवेअरने ते दुरुस्त होत नाहीत. म्हणून गेरला चांगल्या कॅमेऱ्यावर चढ्या डेटादराने चित्रण करतात. सेकंदाला १०० मेगाबिट घेतलं तर तासाला ४५ गिगाबाइट होतात. तेच फुटेज संकलनाला मऊ जावं म्हणून फोर-के प्रोरेस ४२२ मध्ये बदललं, तर २५ फ्रेमच्या हिशेबाने तासाला सव्वादोनशे गिगाबाइटच्या घरात. इथे नवख्याचे डोळे फिरतात आणि त्याला प्रॉक्सीचं महत्त्व कळतं: हलक्या, छोट्या नकलांवर कापायचं आणि शेवटी सॉफ्टवेअरला मूळ फाइलींकडे वळवायचं. टाइमलाइनवर तुम्ही फुटेज कापतच नसता, कुठून कुठवर घ्यायचं याची नोंद करत असता, हे एकदा डोक्यात बसलं की प्रॉक्सीची भीती जाते. मग 'मीडिया ऑफलाइन'ची लाल पाटी आली तरी घाम फुटत नाही.

सराफ्याची रात्र वेगळ्या कारणाने छळते. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री खाऊगल्ली. एका फ्रेममध्ये पांढरे एलईडी, पिवळे बल्ब आणि कढईखालची ज्योत. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवणारा शॉट प्रत्येक व्लॉगरला स्लो मोशनमध्ये हवा असतो. १२० फ्रेमने घेतलेलं २५ च्या टाइमलाइनवर जवळपास पाचपट सावकाश चालतं, इथवर ठीक. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० सोडून भलतंच ठेवलं की दिवे फडफडतात. १२० फ्रेमला १/५० किंवा १/१०० शक्यच नसतं, म्हणून १/२०० सारख्या आडाख्यावर दिवे शांत राहिले तर नशीब. रंगांची तर दैना: दुकानदाराचा अर्धा चेहरा हिरवट, अर्धा नारिंगी. फोनवरचा फिल्टर दोन्ही अर्ध्यांवर एकच रंग ओततो. रिझॉल्व्हच्या रंगपानावर अर्धा चेहरा वेगळा निवडता येतो आणि व्हेक्टरस्कोपवर त्वचेच्या रेषेशी ताडता येतो. ती रेषा गोऱ्या-सावळ्या सगळ्यांना जवळपास एकच असते, हे नव्याला खरंच वाटत नाही.

रिझॉल्व्हची कथा तर या सगळ्या पायऱ्यांवर पाणी ओतणारी. दा विंची ही फ्लोरिडातली १९८४ ची कंपनी, तिची रंगयंत्रणा लाखो डॉलरची. मोठ्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीतच ती असे. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये कंपनी घेतली, पुढच्याच वर्षी सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला दिलं आणि २०११ मध्ये एक आवृत्ती चक्क मोफत केली. पुढे त्यात संकलन आलं, फेअरलाइटचा आवाज आला, फ्यूजनचे इफेक्ट आले. मोफत आवृत्तीत अल्ट्रा एचडी आणि ६० फ्रेमपर्यंत काम होतं, पूर्ण आवृत्ती २९५ डॉलर एकदाच. ॲडोबी मात्र २०१३ पासून मासिक भाडं घेतं. म्हणून आज कुणी विचारलं तर माझं मत असं: शिकायचं रिझॉल्व्हवर. एजन्सीत किंवा वृत्तवाहिनीत नोकरी हवी असेल तर प्रीमियरही यायला हवं, कारण तिथली आधीची सगळी कामं त्यात असतात. लग्नाचा धंदा आणि जुना संगणक असेल तर एडियसची लाज नको. मॅक असेल आणि एकट्याने काम असेल तर फायनल कट. चोरीचं सॉफ्टवेअर नको, आता त्याला गरिबीचं कारणही उरलेलं नाही.

सिल्व्हर मॉलच्या काउंटरवर परत येऊन एक कानमंत्र देतो, जो तिथे मागितल्याशिवाय मिळत नाही. इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर तो थोडा स्वस्त असतो, कारण त्यात अंगभूत ग्राफिक नसतं. गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही, संकलकाला पडतो. कॅमेऱ्याचं एच.२६४ आणि एचईव्हीसी फुटेज उलगडायला ते अंगभूत ग्राफिक मोठी मदत करतं. नव्या कॅमेऱ्यांचं १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी तर अकराव्या पिढीपासूनचे इंटेल सहज उलगडतात, आणि एनव्हिडियाच्या कार्डांना ते थेट २०२५ च्या ५० मालिकेत जमलं. म्हणजे महागडं जुनं ग्राफिक कार्ड आणि 'एफ'चा प्रोसेसर अशी जोडी घेतलीत, तर लखलखत्या दिव्यांच्या डब्यात फुटेज रांगतच चालेल. दिव्यांचे पैसे वाचवून मेमरी ३२ जीबी करा आणि दुसरी हार्ड डिस्क घ्या. दुसरी डिस्क ही चैन नव्हे. लग्न पुन्हा लागत नाही.

कामं कुठे आहेत? लग्नं आहेतच, पण आता भंवरकुआंच्या कोचिंगांनी मोठी बाजारपेठ उघडली आहे. एमपीपीएससीचं, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं, मुख्यालय शहरात, त्यामुळे शिकवणारे भरपूर, आणि प्रत्येकाला यूट्यूबवर दिसायचं आहे. दोन तासांच्या व्याख्यानातून अडखळणं, खोकणं, फळा पुसणं काढायचं. प्रीमियरमध्ये २०२३ पासून बोलण्याचा मजकूरच समोर येतो आणि त्यातलं वाक्य खोडलं की चित्रही कापलं जातं, त्यामुळे हे काम हलकं झालंय. शिक्षणाच्या व्हिडिओची जुनी परंपराही या गावात आहे. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर कंट्रीवाइड क्लासरूम सुरू केलं आणि त्यासाठी निरनिराळ्या विद्यापीठांत निर्मिती केंद्रं उभी राहिली. देवी अहिल्या विद्यापीठातलं ईएमआरसी हे त्याच साखळीतलं. तसल्या कामात झगमगाट नसतो, पण विषयतज्ज्ञ येऊन आठव्या मिनिटाचं सूत्र चुकलंय म्हणतात तेव्हा तेवढंच सूत्र बदलून बाकी धक्का न लावता द्यावं लागतं. नव्या मुलाने वर्षभर असं काम करावं. फाइलींना 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' अशी नावं द्यायची खोड तिथे सुटते.

आणि मग गंमत बघा. एवढं सगळं शिकून, प्रॉक्सी, मल्टिकॅम, स्कोप आत्मसात करून तो पोरगा एखाद्या मोठ्या लग्नाला उभा राहतो, तर नवरीची बहीण येऊन सांगते, 'दादा, रील विदाईच्या आधी टाकायची आहे हं.' उभी, तीस सेकंदांची, ट्रेंडिंग गाण्यावर. अशा वेळी संगणक उघडायला सवड नसते. मंडपामागच्या खुर्चीत बसून तो कॅमेऱ्यातल्या क्लिपा वायफायने फोनवर ओढतो, इनशॉट उघडतो आणि जिलेबी थंड व्हायच्या आत रील पाठवून देतो. बड्या स्टुडिओंनी तर आता यासाठी वेगळा माणूस नेमायला सुरुवात केली आहे, आणि त्याची नेमणूक करताना एडियस येतं का, हे कुणी विचारत नाही.